पुडीतले जिवाणू जिवंत आहेत का, हे कोण पाहणार?

पोस्ट मोठी आहे. पण मृग दोन-तीन दिवसांवर आलाय, कृषी केंद्रांसमोर गर्दी सुरू झाली आहे, म्हणून आजच लिहितो. सोयाबीन, तूर, पऱ्हाटी काहीही पेरणार असाल तर पेरणीआधी वाचा. आणि जे पेरत नाहीत, खाणीत किंवा कारखान्यात ड्युटी करतात, त्यांनी शेवटचा भाग नक्की वाचावा, कारण तो आपल्या सगळ्यांच्या गावाबद्दल आहे.

परवा भाचा आला होता. नागपूरला शिकतो. आल्या आल्या मोबाईल समोर धरला. "मामा, हे पाहा गा."

व्हिडिओ कॅनडाचा. तिथे २०१८ च्या ऑक्टोबरपासून गांजा कायदेशीर आहे, त्यामुळे लोक उघडपणे त्याची शेती करतात. एक माणूस रोप लावायच्या आधी मुळांना कसलीशी पूड चोळत होता. ती पूड म्हणजे बुरशी. वाईट बुरशी नव्हे, मुळांशी दोस्ती करणारी. दुसऱ्या डब्यात जिवाणू. कोणता जीव कशासाठी, कधी टाकायचा, पाण्यात क्लोरीन असेल तर तो मरतो म्हणून पाणी आधी कसं ठेवायचं, सगळं तो इतक्या मायेनं सांगत होता जसं आपल्याकडे बाळंतिणीला सांगतात.

भाचा हसत म्हणाला, "मामा, लावायचा का दोन ओळी? सोयाबीनपेक्षा भाव बरा हाय."

म्हटलं, "लाव. मग दहा वर्षं भेटायला मीच येईन तुला." आपल्याकडे १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात गांजाच्या लागवडीला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. तुरीच्या ओळीत चार झाडं लपवली म्हणून पोलिसांनी शेतकऱ्याला उचलल्याच्या बातम्या आपण दरवर्षी वाचतो. त्यामुळे तो विषय तिथेच संपला.

पण व्हिडिओ काही डोक्यातून गेला नाही. ज्या पिकाला पैसा आहे त्याच्या मुळाखालच्या बुरशीचीसुद्धा एवढी बडदास्त. आणि तीच जात आपल्या पऱ्हाटीच्या, तुरीच्या, ज्वारीच्या मुळाशी हजारो वर्षांपासून फुकट राबते. तिला आपण काय देतो? कोळशाची धूळ, युरियाचा मारा आणि दुकानदारानं गळ्यात मारलेली एक बाटली.

आधी हे जीव करतात काय, ते थोडक्यात

आपल्या डोक्यावरच्या हवेत ७८ टक्के नत्र आहे, पण झाडाला ते घेता येत नाही. रायझोबियम नावाचा जिवाणू डाळवर्गीय पिकाच्या मुळात शिरतो, तिथे गाठ करतो आणि हवेतलं नत्र झाडाला खाता येईल अशा रूपात देतो. बदल्यात झाड त्याला साखर देतं. १८८६ मध्ये जर्मनीतल्या हेलरीगेल आणि विल्फार्थ या दोघांनी हे गाठींचं काम दाखवून दिलं. सोयाबीनला लागणाऱ्या नत्रातलं साधारण निम्मं नत्र या गाठी देऊ शकतात. म्हणजे ज्या युरियासाठी आपण पहाटेपासून रांगेत उभे राहतो, त्याचा फुकटचा कारखाना मुळाला लटकलेला असतो.

दुसरे, स्फुरद विरघळवणारे जिवाणू. आपल्या काळ्या जमिनीत चुना जास्त. डीएपी टाकला की त्यातलं बरंच स्फुरद चुन्याशी बांधलं जातं आणि तिथेच पडून राहतं. हे जिवाणू आम्ल सोडून ते मोकळं करतात.

तिसरी ती व्हिडिओतली बुरशी, मायकोरायझा. केसापेक्षा बारीक तंतू मुळापासून दूरवर पसरतात आणि जिथे मूळ पोहोचत नाही तिथलं स्फुरद आणि पाणी ओढून आणतात. पावसानं पंधरा दिवस ताण दिला की याचं मोल कळतं.

चौथी ट्रायकोडर्मा. हीसुद्धा बुरशीच, पण वाईट बुरशीला खाणारी. तुरीला जो मर रोग येतो, उभं झाड वाळून जातं, त्या रोगाच्या बुरशीशी ती जमिनीतच भिडते.

जुने लोक म्हणतील, आमच्या बापानं कोणता जिवाणू लावला होता? बरोबर आहे. मला माझ्या बापानंही हेच विचारलं. पण बापाच्या वावरात बंडीनं शेणखत पडायचं, ज्वारीत तूर, मूग, बरबटी असायची. तूर-मुगाला लागणारे जिवाणू आपल्या मातीत पिढ्यान्‌पिढ्या आहेत. सोयाबीन मात्र पाहुणं पीक. विदर्भात ते पसरलं गेल्या चाळीसेक वर्षांत, आणि त्याला लागणारा जिवाणू आपल्या मातीचा मूळ रहिवासी नाही. जिथे वर्षानुवर्षं सोयाबीन होतं तिथे तो थोडाफार टिकतो, पण शेणखत बंद, जनावरं विकलेली, मे महिन्यात ४६-४७ अंशांचं ऊन, अशा उघड्या तापल्या जमिनीत किती टिकणार?

माझी चूक, आणि माझी फसवणूक

आता माझं सांगतो. आमचं वावर गावाच्या बाहेर, खाणीच्या रस्त्याला लागून. अर्धं खाणीत गेलं, साडेतीन एकर उरलं. ट्रक जातात, धूळ उडते, पऱ्हाटीच्या पानावर बोट फिरवलं तर बोट काळं होतं. कापूस वेचून नेला की व्यापारी आधी बोंडाकडे पाहतो, मग माझ्याकडे, आणि भाव पाडतो. हे दुःख या पट्ट्यातल्या प्रत्येक कास्तकाराचं आहे, वर्धा नदीच्या अलीकडचं आणि पलीकडे वणी तालुक्यातलंही.

तीन वर्षांपूर्वी मी पहिल्यांदा रायझोबियमची पाकिटं आणली. हौसेनं. बियाण्याला बुरशीनाशक, कीटकनाशक आणि जिवाणू, तिन्ही एकाच घमेल्यात कालवलं आणि उन्हात ताडपत्रीवर वाळत घातलं. झालं. जिवाणूंचा मी स्वतःच्या हातानं खून केला आणि हंगामभर म्हणत राहिलो, हे सगळं थोतांड आहे. ती चूक पूर्ण माझी.

पुढच्या वर्षी युरिया घ्यायला गेलो. दुकानदार म्हणाला, दोन बॅगांबरोबर ही बाटली घ्यावी लागते. जैविक आहे, मुळं फुटतात. मी म्हटलं, नको. तो म्हणाला, मग युरिया संपला. तुम्हाला सांगायला नको, हे 'लिंकिंग' कसं चालतं. युरिया समोर थप्पीला लागलेला आणि तोंडावर सांगतो संपला. पाऊस पडून गेलेला, पीक पिवळं पडायला लागलेलं, काय करतो माणूस? घेतली. बाटलीचा वास गुळाच्या पाण्यासारखा. आत कोणता जीव, किती, कधी भरला, काहीच धड वाचता येत नव्हतं. बॅच नंबरच्या जागी शाईचा डाग. बिलात युरिया लिहिला, बाटली लिहिली नाही.

फवारली. काही झालं नाही. पैसे गेले त्यापेक्षा त्या 'जैविक' शब्दावरचा विश्वास गेला, हे नुकसान मोठं.

आणि हा एकट्या घुग्घुसचा किस्सा नाही. २०२५ च्या जुलैमध्ये खुद्द केंद्रीय कृषिमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी सांगितलं की देशात सुमारे ३० हजार जैव-उत्तेजकं वर्षानुवर्षं तपासणीशिवाय विकली जात होती. नियम कडक केल्यावर ती ८ हजारांच्या आसपास आली आणि त्यानंतर सुमारे ६५०. विचार करा. ३० हजारांतली साडेसहाशे. बाकीच्या बाटल्यांचे पैसे कोणाच्या खिशातून गेले? तुमच्या-माझ्या. परत कोणी केले? कोणीही नाही.

इथे एक फरक लक्षात ठेवा, कारण दुकानात तो मुद्दाम पुसला जातो. जैव-उत्तेजक म्हणजे शेवाळाचा अर्क, ह्युमिक, अमिनो असल्या गोष्टी. जैविक खत म्हणजे जिवंत जिवाणूंचं संवर्धन. जैविक खतांना २००६ पासून खत नियंत्रण आदेशात मानकं आहेत. रायझोबियमच्या पुडीत एका ग्रॅममध्ये किमान ५ कोटी जिवंत जिवाणू पाहिजेत. द्रवरूप असेल तर एका मिलिलिटरमध्ये किमान १० कोटी. 'जिवंत' हा शब्द महत्त्वाचा. मेलेले चालत नाहीत.

आता सांगा, कारखान्यातून ५ कोटी भरून निघालेली पुडी आपल्याकडे टिनाच्या शेडमध्ये अख्खा मे महिना पडून राहिली, तर जूनमध्ये तिच्यात किती उरतील? चंद्रपूरच्या उन्हात माणूस टिकत नाही, जिवाणूचं काय घेऊन बसलात. भुकटीची पुडी चांगल्या थंड जागी साधारण सहा महिने टिकते. टिनाखाली तिचं मढं होतं. दुकानदार फसवत नसेल तरीही तुम्ही मढं विकत घेता. आणि ते तपासायला आपल्या गावात, आपल्या तालुक्याच्या कास्तकाराला सहज पोहोचता येईल अशी जागा कुठे आहे?

मग खरं काम दिसलं

गेल्या खरिपात पुन्हा प्रयत्न केला. या वेळी पाकिटं कृषी विद्यापीठाच्या केंद्रातून आणली, तारीख पाहून, ओल्या फडक्यात गुंडाळून. क्रम पाळला. आधी बुरशीनाशक, ते सुकल्यावर कीटकनाशक, आणि सगळ्यात शेवटी जिवाणू. १० किलो बियाण्याला २५० ग्रॅमची एक पुडी, गुळाच्या थंड पाण्यात कालवून हलक्या हातानं चोळली. बियाणं सावलीत सुकवलं आणि त्याच दिवशी पेरलं. आठ ओळी मुद्दाम तशाच ठेवल्या, काही न लावता.

चाळीस दिवसांनी दोन्हीकडची पाच-पाच झाडं उपटली. उपटली म्हणजे ओढली नाहीत, फावड्यानं मातीसकट काढून पाण्यात धुतली. ओढली की गाठी मातीतच राहतात. लावलेल्या ओळीत मुख्य मुळावर दाट गाठी होत्या. न लावलेल्यात तुरळक, तेही बाजूच्या मुळांवर. पण खरी परीक्षा पुढे आहे. गाठ नखानं फोडून पाहा. आत लालसर-गुलाबी असेल तर कारखाना चालू आहे. पांढरी किंवा हिरवी असेल तर बंद. माझी माय बाजूला उभी होती. गुलाबी रंग पाहून म्हणाली, "अगा, याच्यात तं रगत हाय." खरंच, तो रंग आपल्या रक्तातल्या द्रव्याच्या चुलतभावाचा आहे. ऑक्सिजन सांभाळायचं काम तेच.

आता लगेच कोणी लिहू नका की मामा जैविकवाले झाले, युरिया सोडा म्हणतात. नाही म्हणत. पाच झाडं म्हणजे पुरावा नव्हे. पऱ्हाटीला नत्र लागतंच आणि ते या गाठींतून येत नाही. जिवाणू चमत्कार करत नाहीत, ते फक्त काम करतात. पण काम करणाऱ्याला जिवंत तरी ठेवलं पाहिजे.

आता गावाचा प्रश्न

इथपर्यंत शेतीचं झालं. आता घुग्घुसचं.

आपलं गाव जमिनीखाली काय आहे यावर जगतं. कोळसा काढायचा तर वरची माती बाजूला सारावी लागते. ती जी बाजूला सारली जाते ती फूट-दीड फूट सुपीक माती, तिच्यात एका ग्रॅमला कोट्यवधी जीव असतात. तिच्याखालचा दगड-मुरूम वर येतो आणि त्याचे डोंगर होतात. आपण त्याला ओबी डंप म्हणतो. बाहेरचा पाहुणा आला की विचारतो, तुमच्याकडे टेकड्या छान आहेत. काय सांगणार त्याला?

या डंपांवर पावसाळ्यात झाडं लावतात, फोटो निघतात. मे महिन्यात जाऊन पाहा किती उभी असतात. दोष झाडाचा नाही. खड्डा खणून रोप ठेवलं त्या मातीत एकही जीव नाही. मेलेल्या मातीत जिवंत झाड लावून आपण त्यालाच नापास करतो.

आणि हे कसं करायचं हे माहीत नाही असंही नाही. उत्तर अमेरिकेतून आणावं लागत नाही, कॅनडातूनही नाही. आपल्या नागपूरच्या नीरी संस्थेत आहे. आशा जुवारकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोळसा खाणीच्या ढिगाऱ्यावर १० हेक्टरमध्ये प्रयोग केला. हेमलता जांभुळकर यांच्यासोबतचा त्याचा शोधनिबंध २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. हेक्टरी ५० टन सेंद्रिय गाळ, त्यात रायझोबियम, अझोटोबॅक्टर आणि मायकोरायझा, आणि त्या मातीला साजेशी झाडं. जे जीव ढिगाऱ्यात जवळपास नव्हतेच ते वाढले. आणि झाडांत जाणाऱ्या क्रोमियम, शिसं, कॅडमियम अशा जड धातूंचं प्रमाण ३४ ते ४३ टक्क्यांनी कमी झालं, कारण ते मातीतच अडकून राहिले.

याच मंडळींनी राखेच्या ढिगावरही १० हेक्टरमध्ये असंच काम केलं. तिथे हेक्टरी ५० टन शेणखत आणि जिवाणू दिल्यावर राखेतलं नत्र साडेचार पट आणि स्फुरद दहा पट झालं. राखेतलं! २,९२० मेगावॅटचं वीज केंद्र ज्या जिल्ह्यात आहे, तिथे राख कमी आहे का?

म्हणजे शास्त्र आपलं, शास्त्रज्ञ आपले, ढिगारे तर आपलेच. मग अडलंय कुठे?

एक शंका मलाही आहे, ती लपवत नाही. उद्या हीच गोष्ट उलटी वापरली जाईल. ढिगावर चार पुड्या टाकायच्या, हिरवळ दाखवायची आणि म्हणायचं, प्रदूषण संपलं. २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं देशातल्या औद्योगिक पट्ट्यांची यादी केली तेव्हा चंद्रपूर ८३.८८ गुणांनी देशात चौथं होतं. आपल्या पोरांच्या छातीत जाणारी धूळ कोणताही जिवाणू खाऊ शकत नाही. धातू अडकून राहतो म्हणजे नाहीसा होत नाही. त्या डंपवर झाडं वाढली म्हणून तिथे भाजी लावू नका. धूळ थांबवायची तर रस्त्यावर पाणी मारणं, ट्रक झाकणं, वाहतूक गावाबाहेरून नेणं, हेच करावं लागेल. मी जे म्हणतोय ते त्याऐवजी नाही, त्याच्या जोडीला आहे. धूळ उद्या थांबली तरी मेलेली माती आपोआप उठून बसत नाही. तिला उठवायला वर्षं लागतात, म्हणून सुरुवात आज पाहिजे.

मागण्या चारच

पहिली. घुग्घुस परिसरात जिवाणू संवर्धनाची छोटी प्रयोगशाळा. जिथे पुडी नेऊन देता येईल आणि आठवड्यात कळेल, जिवंत की मेलेली. तिथेच ताजी पाकिटं तयार व्हावीत, एप्रिलमध्ये दूरवरून येऊन शेडमध्ये शिजू नयेत. पैसा कुठून? जिल्हा खनिज प्रतिष्ठानमधून. २०१५ च्या पंतप्रधान खनिज क्षेत्र कल्याण योजनेतच लिहिलं आहे की या निधीतला मोठा वाटा पिण्याचं पाणी, पर्यावरण, आरोग्य, शिक्षण अशा अग्रक्रमाच्या कामांवर खाणबाधित भागातच खर्च व्हावा. खाणबाधित गाव म्हणजे आणखी कोणतं गाव? सिमेंटच्या कमानी आणि पेव्हर ब्लॉक पुष्कळ झाले. थोडा पैसा मातीत घाला.

दुसरी. मृदा आरोग्य पत्रिका २०१५ पासून मिळते. तिच्यात १२ तपासण्या असतात. नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, सामू वगैरे. सगळं मोजतात, पण माती जिवंत आहे की नाही हे एकही तपासणी थेट सांगत नाही. सेंद्रिय कर्ब त्याच्या जवळपास जातो, तेवढंच. खाणीच्या आजूबाजूच्या गावांसाठी तरी जिवाणूंची आणि जड धातूंची तपासणी जोडा. आरोग्य पत्रिका म्हणायचं आणि नाडीच पाहायची नाही, हे कसलं आरोग्य?

तिसरी. खाण बंद करण्याच्या आराखड्याचा हिशेब लोकांसमोर ठेवा. कोळसा मंत्रालयाच्या २००९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार खुल्या खाणीसाठी हेक्टरी ६ लाख रुपये, त्या वेळच्या दरानं, वेगळ्या खात्यात ठेवायचे होते. जमीन पूर्ववत करण्यासाठीच. आपल्या भागात त्यातलं किती वापरलं, सुपीक मातीचे ढीग वेगळे ठेवलेत का, किती वर्षांपासून, त्यावर ढेंचा-बोरूसारखं काही पेरून ती जिवंत ठेवली का? कारण वरची माती उंच ढीग करून वर्षानुवर्षं ठेवली की आतले जीव मरतात. मग ती पसरली तरी नावालाच माती. हे प्रश्न ग्रामसभेत विचारा, नगर परिषदेत विचारा, माहिती अधिकारात विचारा. 

चौथी. लिंकिंग बंद. कृषी विभागानं हंगामात दुकानांवर उभं राहून पाहावं, बिलात काय आहे आणि पिशवीत काय आहे. आणि आपणही बिलाशिवाय बाटली घेऊ नका. पुडीवर जिवाणूचं नाव, संख्या, कशासाठी, बनवल्याची आणि संपण्याची तारीख नसेल तर ती परत द्या. एकट्यानं दिली तर दुकानदार हसेल. दहा जणांनी दिली तर नाही हसणार.

पेरणीआधी एवढं करा

आपल्या हातात आहे ते परत लिहितो, कारण काही जण इथूनच वाचायला लागतील.

पुडीवरची तारीख पाहा. पुडी उन्हात, गाडीच्या डिकीत ठेवू नका. सोयाबीनची पुडी सोयाबीनलाच, तुरीची तुरीलाच. त्यांचे जिवाणू वेगळे असतात. बियाण्याला रासायनिक औषधं आधी, जिवाणू शेवटी. सावलीत सुकवा, त्याच दिवशी पेरा, रासायनिक खतात मिसळू नका. कापसाचं बियाणं औषध लावूनच येतं, म्हणून त्याला चोळण्यापेक्षा स्फुरदाचे जिवाणू आणि ट्रायकोडर्मा चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून ओलीत टाका. कुटार आणि पऱ्हाटीची काडी पेटवू नका. ते या जिवांचं जेवण आहे. आणि चार ओळी न लावता सोडा. नाहीतर फरक कसा कळणार?

२०२२ च्या ऑगस्टमध्ये आमराई वॉर्डात एक अख्खं घर जमिनीत गेलं, ते आपण कोणीच विसरलो नाही. जुन्या खाणीची पोकळी खाली होती. त्या दिवशी साऱ्या गावानं पहिल्यांदा पायाखाली पाहिलं. किती दिवस पाहिलं? पुढच्या महिन्यात पुन्हा ट्रक, धूळ, ड्युटी. पायाखालची जमीन घर गिळते तेव्हा बातमी होते. ती हळूहळू मरते तेव्हा होत नाही. उतारा कमी येतो, आपण नशिबाला दोष देतो, पोरगा वावर विकून कॉन्ट्रॅक्टवर लागतो, आणि सगळं गपचूप होऊन जातं.

भाचा जाताना म्हणाला, "मामा, त्या कॅनडावाल्याला एका झाडाचे एवढे पैसे भेटतात म्हणून तो बुरशी सांभाळते. तुम्हाले सोयाबीनचे का भेटतात?" पोरगं खरं बोललं. भाव नाही म्हणून माती सांभाळणं परवडत नाही, आणि माती मेली म्हणून कमी भावात पीकही परवडत नाही. या फेऱ्यातून एकटा कास्तकार सुटू शकत नाही. म्हणूनच मी हे वावरात न म्हणता इथे लिहितोय.

एक विनंती. ऑगस्टमध्ये, पेरणीला चाळीस दिवस झाले की पाच झाडं फावड्यानं काढा, मुळं धुवा, गाठ फोडा आणि फोटो इथे टाका. गावाचं नाव आणि पुडी कुठून आणली तेवढं लिहा. गुलाबी निघाली तरी टाका, पांढरी निघाली तर आधी टाका. पन्नास गावांचे फोटो जमले की प्रिंट काढून मी स्वतः जिल्हाधिकारी कार्यालयात नेऊन देतो. सोबत कोण येतं, ते आत्ताच सांगा.